तीन मशीन, एक मशीन की एकही नाही? शिरोलीतल्या छोट्या मशीन शॉपचा प्रश्न

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. आप्पांनी १९९४ साली भाड्याच्या गाळ्यात दोन लेथवर सुरू केलं. आज चार सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग-बोअरिंगचं मशीन) आणि अकरा माणसं आहेत. काम जवळजवळ सगळं जॉबवर्क. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव पार्ट, येतं, आम्ही मशीनिंग करतो आणि फक्त मशीनिंगचं बिल लावतो. घरखर्च, पगार, जुना हप्ता सगळं जाऊन महिन्याला साधारण ७० हजार हातात उरतात. बँकेत २४ लाखांची ठेव आहे. त्यातली काही मुलीच्या शिक्षणाची म्हणून बाजूला धरलेली.

ट्रॅक्टरचे पार्ट करणाऱ्या एका मोठ्या पार्टीचं थोडंथोडं काम आम्ही तीन वर्षं करतोय. २२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हापासून त्यांचं शेड्यूल वाढत चाललंय. गेल्या महिन्यात त्यांचे परचेसचे साहेब स्वतः शॉपमध्ये आले. ब्रेक हाउसिंगचे महिन्याला १,१०० नग द्या म्हणाले. एका नगाला दोन सेटअप (मशीनवर दोनदा धरणं) मिळून साधारण तास लागतो, म्हणजे तीन नवीन व्हीएमसी पाहिजेत. आणि काम जॉबवर्कवर नाही, मटेरियलसकट. कास्टिंग आम्ही विकत घ्यायचं आणि तयार पार्ट द्यायचा.

एक व्हीएमसी ३६ लाख, वर फिक्स्चर आणि टूलिंग ६ लाख. बँक ७५ टक्के द्यायला तयार आहे, साडेदहा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. एका मशीनचा हप्ता ६७,७०० बसतो. तिन्हींचा दोन लाखांच्या वर.

घरात दोन बाजू पडल्यात. धाकटा भाऊ म्हणतो, अशी ऑर्डर परत दारात येणार नाही, तिन्ही मशीन घेऊ, कमी पडेल तिथं घर तारण ठेवू. आप्पा म्हणतात, एकही नको. त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी पार्टीचं पत्र मागून घेतलं. चष्मा लावून एकेक ओळ बोटानं वाचत गेले आणि एका शब्दावर बोट ठेवून थांबले. "अंदाजे १,१०० नग." बाकी काही बोलले नाहीत. पत्र घडी घालून माझ्यापुढं सरकवलं आणि झोपायला गेले.

मी मधला मार्ग काढला होता, दोन मशीन घेऊ. भावाचंही राहील, आप्पांचंही राहील. पण रात्री वही घेऊन बसलो तर दोन मशीनचंही गणित जुळेना. आमचा हिस्सा २१ लाख, शिवाय मशीनवरचा १८ टक्के जीएसटी आधी खिशातून भरायचा, तो जवळपास १३ लाख. म्हणजे ३४ लाख, आणि आहेत २४.

शिरोली, भोसरी, सातपूर, चाकण, कुठं का असेना, ज्यांनी असा निर्णय घेतलाय त्यांना माझं विचारणं आहे. तुम्ही किती उडी मारायची ते कशावरून ठरवलंत? मला धाडस की सावधगिरी असा सल्ला नको. हिशेब कसा मांडला ते सांगा.

चाकणचा_धंदेवाला

भावाचं ऐका. मी २०२१ मध्ये दोन मशीन कर्जावर घेतली, घरातल्या सगळ्यांनी विरोध केला होता. आज सात आहेत. मोठी पार्टी छोट्या शॉपला दुसऱ्यांदा विचारत नाही, तुम्ही नाही म्हणालात की शेजारच्या गाळ्यात जाते. हप्त्याची भीती मलाही होती, पण हप्ता डोक्यावर असला की माणूस सकाळी सातला शॉपमध्ये असतो. तारण ठेवायचं नसेल तर सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जासाठीच्या सरकारी योजनेची, हमी मागा. १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी झाली आहे. फी लागते, पण घराची कागदं बँकेत जात नाहीत. बँक आपणहून सांगत नाही, आपण विचारायचं.

जुना_टर्नर_भोसरी

शिरोलीकर, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. आप्पांनी ज्या शब्दावर बोट ठेवलं, तोच शब्द माझ्या पार्टीच्या पत्रातही होता. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

२०१८ च्या सुरुवातीला भोसरीत माणूस मिळत नव्हता इतकं काम होतं. ट्रकच्या हबचं काम माझ्याकडं होतं. पार्टी म्हणाली मशीन वाढवा, मी चार वाढवली. शेड्यूल तीन पाळ्यांचं, मालाची गाडी रात्री अकराला उभी. माझ्या हिशेबात चूक नव्हती असं मी पुढं वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. आकडे खरोखर बरोबर होते. चूक अशी की मी एकच हिशेब मांडला, काम पूर्ण मिळालं तर काय होईल तो.

जुलै २०१८ मध्ये सरकारनं ट्रकची वजन वाहायची मर्यादा वाढवली. आहे त्याच गाडीत जास्त माल बसायला लागला, मग नवीन ट्रक कोण घेणार? सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही बडी फायनान्स कंपनी बुडाली आणि फायनान्स कंपन्यांनी गाड्यांना कर्ज देताना हात आखडला. पुढं २०१९ ची मंदी, १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम, आणि त्याच्या आठवडाभर आधी लॉकडाउन. यातली एकही गोष्ट माझ्या शॉपमध्ये घडली नव्हती. माझी माणसं चांगली होती, रिजेक्शन अर्ध्या टक्क्याच्या आत होतं. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली, हप्ता मात्र होता तेवढाच राहिला.

दोन मशीन २०१९ च्या डिसेंबरात विकली, निम्म्याहून कमी किमतीला. क्रेन आली तेव्हा मी बाहेर चहाच्या गाडीवर जाऊन उभा राहिलो. परत आलो तर जमिनीवर लेव्हलिंग पॅडचे काळे डाग राहिले होते, एकेका मशीनचे सहा. पोरं पुसायला लागली, मीच नको म्हटलं. आजही आहेत.

आता तुमचं गणित. तुमचे आकडे मी भोसरीच्या दरानं धरतो, तुमच्याकडं थोडा फरक असेल. व्हीएमसीला तासाला ४५० रुपये. दहा-दहा तासांच्या दोन पाळ्या, सव्वीस दिवस, पाऊण वापर धरला तर महिन्याला ३९० तास. मशीनचं उत्पन्न १ लाख ७५ हजार. दोन ऑपरेटर, वीज, इन्सर्ट, कूलंट, देखभाल मिळून ९२ हजार. उरले ८३ हजार. हप्ता ६८. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर एका मशीनमागं १५ हजार सुटतात.

आता हेच मशीन निम्म्या वेळेला चालवा, २६० तास. उत्पन्न १ लाख १७ हजार. खर्च निम्मा होत नाही, कारण ऑपरेटरला घरी पाठवता येत नाही. ७८ हजार धरा. उरले ३९. हप्त्याला दर महिन्याला २९ हजार कमी. तीन मशीन असतील तर ८७ हजार कमी, आणि तुमचे आजचे उरतात ७०. म्हणजे तीन मशीनमध्ये पहिल्याच वाईट महिन्यात तुम्ही ठेव मोडायला सुरुवात करणार. दोनमध्ये ५८ हजार जातात, श्वास घेण्यापुरते १२ उरतात, त्यात एखादं स्पिंडल गेलं तर संपलं. एकात ४१ उरतात, आणि त्यावर तुम्ही वर्षभरसुद्धा तग धराल.

दोन मशीनचा तुमचा मार्ग मला पटत नाही तो यासाठी. तुम्ही भाऊ आणि आप्पा यांच्या मधोमध उभे राहिलात. बाजार त्या दोघांच्या मधोमध येऊन थांबणार नाही. काम निम्म्यावर आलं तर किती मशीनचा हप्ता जुन्या शॉपच्या कमाईतून भरता येईल, तेवढीच मशीन घ्यायची. मी २०१९ नंतर असंच ठरवतो. कधी उत्तर शून्य येतं, कधी तीन येतं. तुमचं आज एक येतंय.

पण आप्पांच्या बाजूनंही एक सांगतो, ते त्यांना वाचून दाखवा. २०२१ मध्ये काम परत आलं तेव्हा मी इतका धास्तावलो होतो की एका चांगल्या पार्टीला सरळ नाही म्हटलं. नवीन मशीन नाही, नवीन माणूस नाही. आठ महिन्यांत माझा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, सोडून गेला. बारा वर्षं होता. जाताना म्हणाला, "साहेब, इथं आता नवीन काही येणार नाही ना?" ते ऐकून मला डागांपेक्षा जास्त लागलं. चार मशीन घेणं जेवढं महागात पडलं, तेवढंच एकही न घेणं पडलं, फक्त त्याचं बिल उशिरा आलं.

शिरोलीकर

काका, आप्पांना वाचून दाखवलं. सेटरच्या गोष्टीपाशी त्यांनी परत वाच म्हणून सांगितलं. निम्म्या कामाचा हिशेब मी मांडलाच नव्हता, हे कबूल करतो. भाऊ मात्र म्हणतो की एका मशीनवर पार्टी ऐकणार नाही.

जमाखर्च_सांगली

दादा, मी सांगलीत छोट्या कारखान्यांचे हिशेब बघते. सगळेजण मशीनच्या हप्त्यावर बोलतायत, मला तुमच्या एका वाक्याची जास्त काळजी वाटली. "मटेरियलसकट." तुम्ही आजवर जॉबवर्क केलंय, त्यामुळं कास्टिंगचे पैसे कधी तुमच्या खिशातून गेलेच नाहीत. हप्ता डोळ्यांना दिसतो, हे अडकलेले पैसे दिसत नाहीत.

वीस किलोच्या आसपासचं कास्टिंग गाडीभाड्यासकट १,८०० रुपयांना पडेल असं धरते. महिन्याला १,१०० नग म्हणजे जवळपास २० लाखांचं कास्टिंग. फौंड्री तीस दिवसांवर पैसे मागणार, नवीन गिऱ्हाईक म्हणून कदाचित रोखच. तुमच्याकडं माल येऊन, मशीनिंग होऊन, गाडी जाईपर्यंत पंधरा दिवस. पार्टी ४५ म्हणून ७५ दिवसांनी देणार, कारण आधी जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), मग क्वालिटीची सही, मग पेमेंट सायकल. ९० दिवसांतून फौंड्रीचे ३० वजा केले तर ६० दिवस तुमचे पैसे बाहेर. म्हणजे दोन महिन्यांचं कास्टिंग, ४० लाख. वर पगार आणि वीज. तुमची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी बँक उचलू देते ती रक्कम, किती आहे ते लिहिलं नाहीत, पण जॉबवर्क शॉपची मी दहा-पंधरा लाखांच्या वर क्वचित बघितली आहे.

माझ्याकडच्या एका युनिटला काम भरपूर होतं, नफाही होता, आणि तरी शनिवारी पगाराला पैसे नव्हते. त्यांनी कास्टिंग उचलायला हप्त्याचे पैसे वापरले आणि मग हप्ता थकला. बँकेच्या दप्तरी खातं खराब झालं ते झालंच. कारखाना वाढत असताना अडचणीत येतो, बंद पडत असताना नाही, हे मी फार वेळा बघितलंय.

जीएसटीचंही एक बघा. ट्रॅक्टरचे बरेच पार्ट ५ टक्क्यांत आलेत. तुमच्या पार्टचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीचा दर ठरवणारा मालाचा क्रमांक, तपासून घ्या. विक्रीवर ५ आणि मशीनवर भरलेला १८ असेल तर ते क्रेडिट फार हळू वळतं. कच्च्या मालावर जास्त आणि विक्रीवर कमी कर असेल तर परतावा मागता येतो, पण त्या परताव्यात मशीनसारख्या भांडवली मालाचं क्रेडिट धरत नाहीत. तुमच्या जुन्या कामाच्या करातून वळेल तेवढंच. म्हणून तिन्ही मशीनचे १९ लाख "परत येणारे पैसे" म्हणून मोजू नका.

मग करायचं काय? पार्टीला मशीनची संख्या सांगायच्या आधी मटेरियलचा विषय काढा. कास्टिंग पार्टीच्या नावावर येऊ दे, तुम्ही मशीनिंगचं बिल लावा. नगामागं दहा-वीस रुपये कमी मिळतील, मिळू देत. ते मटेरियलवरच अडून बसले तर दोन गोष्टी मागा. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेलच. २००६ च्या छोट्या उद्योगांच्या कायद्याप्रमाणं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर त्यांना पैसे थांबवता येत नाहीत, आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरातल्या एका नियमामुळं थकवलेली रक्कम त्यांना त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही. हा नियम दाखवून भांडू नका, नुसतं करारात ४५ दिवस लिहून घ्या. दुसरं, ते ट्रेड्सवर, म्हणजे छोट्या उद्योगांच्या बिलांवर बँकेकडून आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, आहेत का विचारा. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची आहे. त्यांनी बिल मंजूर केलं की एक-दोन दिवसांत बँक पैसे देते, व्याज पार्टीची पत बघून ठरतं, आणि पार्टीनं पुढं पैसे बुडवले तरी बँक तुमच्या मागं लागत नाही.

सेटर_गोकुळ_शिरगाव

मी मालक नाही, सेटर आहे, तरी बोलतो. मशीन दोन महिन्यांत येईल. ब्रेक हाउसिंगचा बोअर (आतलं भोक) टॉलरन्समध्ये, म्हणजे ठरलेल्या मापात, ठेवणारा माणूस दोन महिन्यांत येत नाही. आमच्याकडं एकदम तीन मशीन आली तेव्हा एका सेटरवर सहा मशीन पडली. पहिल्या महिन्यात दीडशे नग रिजेक्ट. तेव्हा कास्टिंग पार्टीचं होतं तरी त्याची डेबिट नोट आली, म्हणजे ते पैसे आमच्या बिलातून कापले. तुमच्या शॉपमधला जो पोरगा हुशार आहे त्याला आत्ताच व्हीएमसीवर बसवा. मशीन आल्यावर नाही.

चाकणचा_धंदेवाला

ताईंचं वाचून एक कबूल करावंसं वाटतं. माझी दोन मशीन जॉबवर्कवर होती, कास्टिंग पार्टीचं होतं. म्हणून मी तरलो. वर मी भावाचं ऐका म्हणालो ते मटेरियलचा विचार न करता म्हणालो. संधी सोडू नका हे मात्र अजूनही म्हणेन.

शिरोलीकर

दहा दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा. आमची कॅश क्रेडिट १२ लाखांची आहे. ताईंचा ४० लाखांचा आकडा भावाला दाखवला तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. मग म्हणाला, पार्टीकडं मी येतो.

आम्ही दोघंही गेलो. १,१०० बद्दल बोललोच नाही. भावानं सरळ सांगितलं की महिन्याला ३७५ नग देतो, एकही रिजेक्ट जाणार नाही अशा तयारीनं देतो, पण कास्टिंग तुमचं. साहेब बराच वेळ शेड्यूलच्या शीटकडं बघत राहिले. उरलेल्या नगांसाठी त्यांना दुसरं शॉप शोधावं लागणार होतं, ते त्यांना आवडलं नाही हे दिसत होतं. शेवटी हो म्हणाले. सहा महिने जॉबवर्कवर, नगामागं १५ रुपये कमी, पैसे ४५ दिवसांत, आणि हे सगळं लेखी. सहा महिन्यांनी बघू म्हणाले. ट्रेड्सवर त्यांची नोंदणी आहे, पण जॉबवर्कची बिलं तिथं घेतात का ते अकाउंट्सला विचारून कळवणार आहेत.

उरलेलं काम दुसरीकडं जाईल, कदाचित कायमचं. भावाला त्याचं वाईट वाटतंय, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटतंय.

एका मशीनची ऑर्डर काल दिली. हिस्सा आणि जीएसटी मिळून १७ लाख गेले, मुलीच्या ठेवीला हात लागला नाही. व्हीएमसीवर ज्या पोराला बसवलाय तो सध्या जुन्या मशीनवर रोज संध्याकाळी दोन तास बोअर मापतोय. आज सकाळी आप्पा शॉपमध्ये आले, खडू मागितला आणि जमिनीवर मशीनची जागा स्वतः आखली. भिंतीकडून मोजून, शेजारी आणखी एक मशीन बसेल एवढी मोकळी जागा सोडून.

आता एक छोटा प्रश्न उरलाय. महावितरणकडं लोड वाढवायचा अर्ज करायचाय. तो एका मशीनचा करू की दोनचा?

जुना_टर्नर_भोसरी

अर्ज एकाचाच. लोड मंजूर करून घेतला की वापरा न वापरा, त्याच्या ठरावीक हिश्श्यावर डिमांड चार्ज दर महिन्याला बसतो. केबल मात्र दोन मशीनची टाकून घ्या. खंदक एकदाच खणला जातो.